तांबड्या शाईतली सही

शनिवार, ९ जुलै १९६६. आईची कामावर पहिली पाळी. गणिताची चाचणी झाली, एक उदाहरण चुकलं. इंग्रजीच्या तासाला सरांनी माझी वही वाचली. सगळे हसले. दुपारी दोन चादरी धुऊन वाळत घातल्या.

ही नोंद नववीतल्या एका मुलीच्या घरच्या वहीतली, मराठीतली. "सगळे हसले" या दोन शब्दांवर तिने पेन इतकं दाबलं होतं की मागच्या पानावर बोट फिरवलं तर अक्षरं हाताला लागत.

इंग्रजीची वही वेगळी होती. नववीच्या वर्गाला सरांचा नियम होता: रोज घरी पाच वाक्यं लिहायची, काल काय घडलं ते, इंग्रजीत. सकाळी वह्यांची चळत टेबलावर ठेवायची. सर प्रत्येक पानाखाली तांबड्या शाईने "पाहिले" लिहून सही करत. शनिवारी मात्र एक वही उचलून मोठ्याने वाचत, वर मराठीत अर्थ सांगत, म्हणजे ज्याला इंग्रजी कळत नाही त्यालाही हसता येई.

त्या शनिवारी तिची वही निघाली. तिने खरं तेच लिहिलं होतं. माझी आई इस्पितळाच्या धुलाईघरात काम करते. ती चादरींवरचे रक्ताचे डाग काढते. आधी थंड पाणी लागतं, गरम पाण्याने डाग पक्का होतो. जेवताना आईच्या हातांना औषधाचा वास येतो. मला तो आवडतो.

शेवटचं वाक्य वाचून सरांनी वही दोन बोटांत धरली, लांब केली आणि दुसऱ्या हाताने नाक दाबलं.

"खिडक्या उघडा रे कुणीतरी!"

वर्ग बाकांवरून घसरेपर्यंत हसला. मधल्या सुट्टीपर्यंत तिचं नाव पडलं होतं. "ए थंड पाणी, सरक जरा!" "थंड पाणी, तुझा डबा लांब ठेव बाई!" शेजारी बसणारी मैत्रीणसुद्धा हसली होती. नंतर म्हणाली, "अगं, सगळेच हसत होते, मी एकटी काय तोंड पाडून बसू?"

आईला तिने यातलं काही सांगितलं नाही. पण मनाशी एक गोष्ट पक्की केली. ज्या वर्गात आईच्या हातांना हसले, त्याच वर्गात सरांना हसले पाहिजेत. त्याहून कमी नको, जास्तही नको.

कसं, ते महिनाभर सुचलं नाही. मग एक दिवस घाईत तिच्याकडून कालचीच पाच वाक्यं पुन्हा लिहिली गेली. खाली सही आली. दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम चौथ्या वाक्यात घातलं, "माझ्या घरी हत्ती आहे." खाली सही आली. सर वाचतच नव्हते! शनिवारची एक वही सोडली तर ते फक्त पानं उलटत होते. आणि तिची वही तर एकदा हसून झाली होती. तीच गंमत सर दुसऱ्यांदा कशाला करतील?

त्या दिवसापासून तिने आपल्या घराबद्दल लिहिणं बंद केलं. ती सरांबद्दल लिहू लागली.

सर वीस मिनिटं उशिरा आले. सर झोपले, घंटा झाल्यावर उठले. सरांनी दोन मुलींना आपल्या घरी फरशी पुसायला पाठवलं. सरांनी आमच्याकडून धडा पाठ करून घेतला आणि स्वतः वर्तमानपत्र वाचलं. तारीख, वार, घड्याळातली वेळ. खाली रोज तांबडी सही.

गंमत अशी की हे लिहायला शब्द पुरेनात. घोरणं, जांभई, खाजवणं, धडधडीत खोटं बोलणं, ही इंग्रजी कुठल्या धड्यात होती? शाळेच्या वाचनालयातला जाडा शब्दकोश ती रोज मधल्या सुट्टीत घेऊन बसे. सूड घ्यायचा तर त्यात चूक नको. वाक्य चुकलं तर पुन्हा तीच हसण्यावारी जाईल. म्हणून एकेक वाक्य चार चार वेळा कच्चं लिहून मग वहीत उतरवायची. अक्षर मोत्यासारखं, समास आखलेला, खाडाखोड नाही.

डिसेंबरात तपासणी आली. खात्याच्या तपासनीस बाई कडक आहेत, असं शाळाभर झालं. आदल्या दिवशी सरांनी चळतीतून पाच नीटनेटक्या वह्या काढल्या. चौथी तिची. त्यांनी ती चाळली, समास पाहिला, आणि मान हलवली.

"बघा, अक्षर असं पाहिजे. थंड पाणी, शिकलीस की गं!"

"हो सर," ती म्हणाली.

तपासनीस बाई आल्या. मुख्याध्यापक दाराशी उभे राहिले. बाईंनी दोन वह्या पाहिल्या, मग तिची उघडली. एक पान वाचलं. चष्मा पुसला, दुसरं वाचलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"सर, तुम्ही शनिवारी एक वही वर्गात वाचता म्हणे. आज ही वाचा. नेहमीसारखा अर्थही सांगा."

सरांनी पहिलं वाक्य वाचलं आणि थबकले. मग घसा खाकरून म्हणाले, "सर वर्गात येऊन विचारात मग्न झाले."

"'स्लेप्ट' म्हणजे विचारात मग्न?" बाई म्हणाल्या. "आणि ही खालची सही कुणाची?"

सरांनी सहीकडे पाहिलं. सही माझी नाही म्हणायची सोय नव्हती आणि वाचलं नाही म्हणायचीही नव्हती.

"माझीच."

"मग वाचा पुढे. नीट."

सर वाचत गेले. उशीर, झोप, फरशी. वर्ग चिडीचूप होता. कुणी हसेना, आणि तिला तर हसू हवं होतं. पान उलटलं. पुढचं पान कुठलं, हे तिला ठाऊक होतं. सर्वांत छोटं पान.

"आज सरांना वर्गात पत्र आलं," सर वाचू लागले. त्यांचा आवाज खाली गेला. "सर टेबलावर डोकं ठेवून रडले. मग त्यांनी रुमालाने नाक पुसलं. रुमाल मळका होता."

उठून "बाई, हे पान नको" म्हणता आलं असतं. ती उठली नाही. कुणीतरी हसायला हवं होतं, म्हणून तीच पहिली हसली. शेजारची मैत्रीण हसू लागली. मग मागचे बाक, मग सगळा वर्ग. तेच हसणं, तोच आवाज. सर वही दोन्ही हातांत धरून उभे होते, आणि त्यांना नाक दाबायलाही हात मोकळा नव्हता.

बाईंनी टेबलावर हात आपटला. "ही वही कुणाची?"

ती उभी राहिली.

"एकही चूक नाही. इंग्रजी कुणी शिकवलं तुला?"

"सरांनीच."

पुढच्या सत्रात सरांकडून वरचे वर्ग काढले आणि त्यांना वाचनालयाच्या मागच्या खोलीत फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे चढवायला बसवलं. ती शाळेत होती तोवर रोज त्या दारावरून मुद्दाम सावकाश जाई. पुढे इस्पितळाच्याच नोंदणी खात्यात तिने बत्तीस वर्षं कारकुनी केली, सगळी इंग्रजीत. लग्न झालं, मुलं झाली, नवरा गेला. त्या हसण्याचा पश्चात्ताप झाला का, असं नातीने एकदा विचारलं, तर म्हणाली, "नाही. खोटं कशाला सांगू?"

पण तपासणीच्या त्या दिवशी बातमी तिच्या आधी घरी पोचली होती. आई दारात बसून हातांना तेल चोळत होती.

"माझ्या हातांवरून एवढं रामायण?"

"हो."

"मला सांगायचंस तरी. मी हसले असते आणि विसरले असते."

"म्हणूनच नाही सांगितलं."

आईने बराच वेळ बोटं चोळली. "ते पत्राचं पान. थांबवता आलं नसतं तुला?"

"आलं असतं."

आई उठून आत गेली. मुलीने घरची वही काढली, तारीख घातली, आणि त्या दिवशी शाळेबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. लिहिलं ते इतकंच: संध्याकाळी नळाला पाणी पाऊण तास आलं, दोन्ही पिंपं भरली, आईच्या चपलेचा पट्टा तुटलाय, उद्या शिवून आणायचा.