दोन प्रोसेसर आणि एक पापुद्रा

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या बाजारात तिला सगळे चिमटा म्हणत. एक तर खिशात कायम चिमटा असायचा, आणि दुसरं म्हणजे तिचं तोंड. एखादं गिऱ्हाईक शेखी मिरवू लागलं की ती असा टोला हाणायची की बापडं पावती न घेताच पळायचं. पण बाईच्या हातात कला आहे, हे तिच्यावर जळणारेसुद्धा कबूल करायचे.

ती कला बाबांनी दिलेली. दुकान बाबांचं. थोरला दादा पुढे बसून गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा आणि ही मागच्या खोलीत मशीन जोडायची. बाबांचा एक दंडक होता. प्रोसेसरच्या डोक्यावर जो पंखा बसतो, त्याच्या बुडाला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. तो न काढता पंखा बसवला तर उष्णता आत कोंडते आणि प्रोसेसर जीव वाचवायला स्वतःच मंद होतो. म्हणून पापुद्रा सोलायचा, तो शर्टाच्या खिशावर चिकटवायचा आणि मशीन नीट सुरू झाल्यावरच फेकायचा. "खिशावर नसेल तर आत राहिलाय समजायचं," बाबा म्हणायचे. लहानपणी तो बिल्ला मिरवत ती घरभर हिंडायची.

पुढे बाबा थकले आणि दुकान कोण सांभाळणार यावरून घरात धुसफूस सुरू झाली. दादाचं म्हणणं, यात विचारायचं काय? तिचं म्हणणं, एकदा विचारा तर खरं! त्या दुकानापलीकडे तिला जगात दुसरं काही नकोच होतं. लग्नाचा विषय निघाला की ती सरळ मागच्या खोलीत जाऊन स्क्रू पिळत बसायची.

त्यातच जाहिरातींच्या फिल्म बनवणारा एक माणूस आला. त्याला सगळ्या ऑफिससाठी नवी मशीन हवी होती. दादाने एक प्रोसेसर सुचवला, तिने दुसरा. दादाच्या प्रोसेसरचा वेग जास्त, पण कोअर कमी. तिच्याचा वेग जरा कमी, पण कोअर दुप्पट.

"कोअर म्हणजे काम करणारे हात," ती म्हणाली. "फिल्म तयार करायला हात लागतात."

"खोक्यावरचा आकडा बघ आधी," दादा म्हणाला.

शेवटी बाबांनीच तोडगा काढला. "दोन्ही मशीन शेजारी लावा. दोघांना एकच फिल्म द्या. ज्याचं काम आधी संपेल, दुकान त्याने बघायचं. आणि नंतर कुणाची कुरकुर नको, दोन्ही पंखे मी बसवणार."

ती इतकी खूश झाली की त्या दिवशी दादालासुद्धा तिने चहा करून दिला.

बाबा मागच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा त्यांच्या खिशावर पापुद्रा चकाकत होता. एकच होता. दुसरा पडला असेल कुठेतरी, असं तिला वाटलं आणि तिने तो विचार तिथेच सोडला. बाबांवर काय शंका घ्यायची!

शर्यत सुरू झाली. आधी तिचं मशीन असं पळालं की दादाचं तोंड उतरलं. फिल्मवाला खुर्ची पुढे ओढून बसला. आणि मग मेलं ते मशीन रेंगाळायलाच लागलं. पडद्याच्या कोपऱ्यात तापमान चढत गेलं, वेग उतरत गेला, आणि दादाच्या मशीनने तिला आरामात मागे टाकलं.

"थांबा! पंख्यात काहीतरी घोळ आहे. खोलून बघते," ती ओरडली.

"जोडणारी तापट, मशीनही तापट," दादा हसला. फिल्मवालाही हसला.

बाबा हसले नाहीत. "मी बसवलेला पंखा तू खोलणार? परक्या माणसासमोर?"

एरवी कुणाला न ऐकणारी ती बाई गप्प बसली. बापाची शोभा करायची नाही म्हणून हातातला चिमटा तिने खिशात टाकला आणि आपला प्रोसेसर हरताना बघत उभी राहिली. पुढे ती दुसऱ्याच्या दुकानात नोकरीला लागली. 'तुझंच गणित चुकलं होतं' असं स्वतःला बजावत राहिली. कोणी प्रोसेसरविषयी सल्ला मागितला तर म्हणायची, मला नका विचारू.

दादाने दुकान गोड बोलून बोलून बुडवलं, गाशा गुंडाळला आणि बायकोमुलांना घेऊन दूर निघून गेला. बाबांना नेलं नाही. बाबा एक पिशवी घेऊन तिच्या दारात आले. तिने त्यांची खाट खिडकीशी टाकली.

तिचं ते हरलेलं मशीन दादाने तेव्हाच एका वकिलाच्या टायपिस्टला विकलं होतं. टायपिंगचं काम ते कितीसं, तेवढ्याने प्रोसेसर तापतो कुठे! मशीन वर्षानुवर्षं गपगुमान चाललं. पंखा घरघरू लागला तेव्हा ते दुरुस्तीला नेमकं तिच्याच टेबलावर आलं. मशीनच्या खोक्यावर तिच्याच चिमट्याने पडलेला जुना ओरखडा तिने लगेच ओळखला. पंखा उचलला, तर बुडाला पापुद्रा! पिवळा पडलेला, एक कोपरा नखाने उचकटून पुन्हा दाबून बसवलेला. विसरलेला नव्हता. काढता काढता ठेवलेला होता. तिला एकदम तो एकच बिल्ला लावलेला खिसा आठवला. तिने पापुद्रा सोलून खिशात टाकला.

घरी येऊन तिने बाबांना जेवायला वाढलं. जेवण होऊ दिलं आणि मग पापुद्रा ताटाशेजारी ठेवला.

बाबांनी तो ओळखला. बराच वेळ बोटाने सरळ करत राहिले.

"तूच जिंकणार होतीस," ते म्हणाले. "मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर... अगं, तुझं काय, तू दुसऱ्याच्या घरी जाणार. तो बिचारा कुठे गेला असता?"

हे सगळं ते तिच्या घरात, तिच्या पाटावर बसून बोलत होते. तिने वाकून तो पापुद्रा त्यांच्या शर्टाच्या खिशावर दाबला.

"हा दुसरा," ती म्हणाली.

त्याचा डिंक केव्हाच जळून गेला होता. पापुद्रा घसरून खरकट्या ताटात पडला. ती ताट उचलून घासायला घेऊन गेली.