गाडीतला वडापाव आणि घरातलं ताट

आमच्या घरात दोन हट्टी माणसं राहतात. एक माझे सासरे, म्हणजे बाबा, आणि दुसरी मी. नवरा स्वभावानं गरीब, त्यात नोकरीसाठी हैदराबादला. अधूनमधून येतो, दोन्ही बाजू ऐकून घेतो, 'तुम्ही दोघं बघा बुवा' म्हणतो आणि परत जातो. सासूबाई गेल्यापासून वाघोलीच्या या फ्लॅटमध्ये बाबा, मी आणि आमच्यामध्ये जेवणाचं टेबल.

सगळं त्या टेबलावरूनच झालं, म्हणून आधी माझ्या खाण्याबद्दल सांगते. माझं माहेर मंडईच्या मागच्या गल्लीतलं, वडिलांचा भाजीचा गाळा. आमच्याकडे जेवायला बसणं ही सणासुदीची गोष्ट. एरवी एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातानं गिऱ्हाइकाला मेथी द्यायची, आणि तोंडात घास असतानाच 'ओ ताई, पेंडी सोडू नका, ताजीच आहे' म्हणून ओरडायचं. मी तशीच वाढले. पुढे शिकले, खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत लागले, गळ्यात कार्ड आलं, पण खायची पद्धत गाळ्यावरचीच राहिली. सकाळी उभ्या उभ्या चहा-खारी, दुपारी कीबोर्डवर चुरा सांडत सँडविच, आणि संध्याकाळी परदेशातल्या साहेबांबरोबरची मीटिंग उरकून ऑफिसच्या गाडीत बसलं की वडापाव. नगर रोडला ट्रॅफिक जिथे हमखास तुंबतं, तिथेच वडापावची हातगाडी उभी असते. आमच्या ड्रायव्हरकाकांना सांगावंही लागायचं नाही. ते काच खाली करायचे आणि गरम पुडी आत यायची. दिवसभराचा शीण त्या पहिल्या घासाला उतरायचा, खोटं कशाला बोलू?

सासरची तऱ्हा अगदी वेगळी. बाबा जुन्या शहरातले, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. ताटात मीठ वर, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. कुणी उलटं वाढलं तर गुपचूप ताट फिरवून घेणार, बोलणार नाहीत. बोलले तर आणखी वाईट. लग्नानंतर मी एकदा ओट्याशी उभी राहून पोळीचा रोल खात होते, तर शांतपणे म्हणाले, "घरात खुर्च्या आहेत. एखादी वापरून बघ." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. हा त्यांचा प्रेमळ सूर आहे, हे कळायला मला बराच काळ गेला. खरोखर रागावले की ते मला 'अहो-आपण' करतात.

सासूबाई गेल्यावर वाटलं होतं, आता हे खचणार. खचले, पण वेळापत्रक न मोडता खचले. पोळ्यांच्या मावशी पोळ्या करून जातात, वरणभाताचा कुकर बाबा स्वतः लावायला शिकले, भाजीही जमायला लागली. वाघोलीतली भाजी मात्र त्यांना पसंत नाही. बस बदलत मंडईत जातात आणि तिथून निवडून निवडून जून दोडके आणतात.

"अहो बाबा, नखानं टोचून बघायचं असतं!" भाजीवाल्याची पोर मी, मला राहवतच नाही.

"दुसऱ्याच्या मालाला नखं लावायची आमच्यात पद्धत नाही," हे उत्तर.

रात्री नऊ-साडेनऊला मी घरी पोचायचे तेव्हा टेबलावर दोन ताटं तयार असायची आणि मी वडापाव खाऊन तट्ट. घासभर भात चिवडायचा, 'भूकच नाही हो बाबा' म्हणायचं आणि फोन घेऊन आत पळायचं, असं कितीतरी महिने चाललं. अ‍ॅसिडिटीनं छळलं होतं, कुडते घट्ट व्हायला लागले होते, डॉक्टरीणबाई ओरडून झाल्या होत्या. मी उपाय केले नाहीत असं नाही. ओट्स आणले, ते डब्यातच जुने झाले. भिजवलेले बदाम ऑफिसात नेले, ते शेजारच्या टेबलावरच्या पोरीनं संपवले. सोमवारपासून वडापाव बंद, असं दर रविवारी ठरायचं. सोमवारी गाडीत तो वास शिरला की वाटायचं, मंगळवार काय वाईट आहे?

मग ती रात्र आली. मला नेहमीपेक्षाही उशीर झाला होता. दार उघडून आत शिरले तर बाबा खुर्चीत बसलेले, सदरा घामानं चिंब, हात थरथरत होते. मी "बाबा!" म्हटलं तर परक्या माणसाकडे बघावं तसं बघून म्हणाले, "बसा. आपलं काय काम होतं?"

मी ओरडत समोरच्या दारावर गेले. समोर भाभी राहतात, कॅम्पातलं जुनं घर सोडून मुलाकडे आलेल्या. त्यांच्या यजमानांनाही बाबांसारखीच डायबेटिसची गोळी चालू आहे. त्यांनी बाबांकडे एकदा पाहिलं, पटकन साखरेचं पाणी केलं आणि चमच्याचमच्यानं पाजायला लागल्या. "रडू नकोस गं. शुगर उतरलीये. येतील भानावर." हळूहळू बाबांच्या डोळ्यांत ओळख आली. माझ्याकडे बघून पहिलं वाक्य काय बोलावं माणसानं?

"चपला घालून आत आलीस."

जीव भांड्यात पडला, आणि दुसऱ्याच क्षणी डोकं फिरलं. पण भाभी समोर होत्या, म्हणून आधी चपला काढून आले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "संध्याकाळची गोळी कधी घेता?"

"आठच्या आधी. जेवणापूर्वी घ्यायची असं आपणच लिहून दिलंय. आमच्याकडे जेवणाची वेळ आठ आहे."

"आणि जेवता कधी?"

"ही आली की."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. त्यांनी गोळी हलकी करून दिली, पण बजावलं, की गोळी घेतली की लगेच जेवण झालंच पाहिजे. या वयात साखर अशी उतरली आणि घरात कुणी नसलं तर माणूस हातचा जाईल. मी दिवसभर घरात नसते. नवरा तर गावातच नसतो.

घरी आल्यावर मात्र मी मंडईच्या आवाजात सुरू झाले. "अहो, उशिराच जेवायचं तर गोळी उशिरा घ्या ना!"

"गोळीची वेळ ठरलेली आहे. उशीर तुला होतो, गोळीला नाही."

"मग आठ वाजता जेवून घ्या! तुम्हाला कोणी धरलंय?"

"हळू बोल, वरच्या मजल्यावर कळतंय." मग म्हणाले, "घरातलं माणूस कामावर असताना आपण ताटावर बसायचं? मी कचेरीतून येईपर्यंत तुझ्या सासूबाई थांबायच्या. आता कचेरीत तू जातेस, घरी मी असतो. मग थांबायचं कुणी?"

बायकांनी नवऱ्यासाठी उपाशी थांबायचं, या पद्धतीवर मी कॉलेजात तावातावानं भाषण ठोकलेलं आहे. पण बदली झाल्यावर दुसऱ्याच्या कामाचा चार्ज घ्यावा तसा एखादा पुरुष हे थांबण्याचं काम बायकोकडून आपल्याकडे घेईल, असं कधी डोक्यातही आलं नव्हतं. पोटात ती गोळी घेऊन हा माणूस दोन ताटं मांडून माझी वाट बघत बसायचा, आणि मी तोंड पुसून 'भूकच नाही' म्हणायचे. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

बरंच ताणून झाल्यावर आमचा तह झाला. मी रात्रीचा डबा घेऊन जायचा, आठला मीटिंगमधून उठून कॅन्टीनमध्ये जायचं आणि फोनवर एकमेकांना बघत जेवायचं. साहेबांना मी स्पष्ट सांगितलं, ही माझी जेवायची वेळ आहे. जग बुडालं नाही. बाबा फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवायचे, त्यामुळे मला त्यांचं कपाळ आणि पंखा एवढंच दिसायचं. पण मी डबा उघडल्याशिवाय ते पहिला घास घ्यायचे नाहीत.

"झाकण काढलंस?"

"काढलं."

"भाजी कसली आहे?"

"अहो, तुम्हीच तर दिलीत!"

"तरी सांग."

ऑफिसातली पोरं आधी फिदीफिदी हसली. मग त्यातलीच एक-दोन जणं आपले डबे घेऊन माझ्या टेबलाशी यायला लागली आणि 'बाबा, आज काय?' विचारायला लागली. माझी जळजळ थांबली. नगर रोडच्या त्या हातगाडीपाशी ड्रायव्हरकाका आरशातून माझ्याकडे बघायचे, मी मान हलवायचे. बिचाऱ्यांचा चेहरा पडायचा, कारण माझ्याबरोबर त्यांचाही एक असायचा.

घसरले नाही असं नाही. एकदा मीटिंग लवकर संपली, आठ वाजता मी गाडीतच होते, आणि डबा पिशवीत असताना मी वडापाव घेतला. फोन लावला, तोंड हलवत म्हटलं, "जेवतेय बाबा, सुरू करा."

पंख्याखालचं कपाळ जरा पुढे आलं. "पोळी कागदात गुंडाळायला कधीपासून लागलीस?"

मी पुडी घाईनं खाली लपवली.

"आपला नाश्ता होऊ द्या. जेवायला घरी या. मी थांबतो."

'आपला' ऐकलं आणि धडकी भरली. "बाबा, गोळी घेतलीत?"

"घेतली."

मी वडापाव काकांच्या हातात कोंबला, डबा मांडीवर उघडला आणि ओरडले, "हे बघा! पोळी! दोडका! जून!" तेव्हा कुठे पलीकडून भात कालवल्याचा आवाज आला.

परवाचीच गोष्ट. ऑफिसात संध्याकाळी कसलीशी यंत्रणा बंद पडली आणि आम्हा सगळ्यांना एका खोलीत बसवलं. कुणाला डोकं वर करायला फुरसत नाही. काम निस्तरून भानावर आले तेव्हा आठ कधीच वाजून गेले होते आणि माझा फोन चार्जिंग संपून मेला होता. गाडीत बसून काकांच्या फोनवरून घरी लावला. वाजतोय, वाजतोय, कुणी उचलत नाही. पुन्हा लावला. भाभींचा नंबर माझ्या फोनमध्ये अडकलेला. आणि पुढे नगर रोड, नेहमीसारखा तुंबलेला. डोळ्यांसमोर तो घामानं भिजलेला सदरा यायला लागला.

हातगाडीपाशी गाडी थांबली. काकांनी न विचारता पुडी घेतली आणि मागे धरली. "खाऊन घ्या ताई, चेहरा बघा कसा झालाय." मला कडकडून भूक लागली होती, डबा खोलीतच राहिला होता, वास नाकात शिरला होता. पण हात पुढे होईना. बाबा जेवले नसतील तर माझ्या घशाखाली कसं उतरणार? "तुम्हीच खा काका," म्हटलं आणि खिडकीबाहेर बघत बसले.

लिफ्टची वाट न बघता जिन्यानं पळत गेले. दार उघडलं. बाबा टेबलाशी पेपर वाचत बसले होते. एक ताट धुऊन स्टँडवर उपडं घातलेलं, दुसरं टेबलावर मांडलेलं.

"जेवलात?" मला धाप लागली होती.

"जेवलो. आठला."

"एकटे?"

"तुझा फोन लागेना. घास जात नव्हता. पण मी जेवलो नाही असं वाटून तू रस्त्यात जिवाला घोर लावून घेशील, म्हणून जेवलो."

"मग फोन का नाही उचललात? जीव टांगणीला लागला माझा!"

"अनोळखी नंबर मी उचलत नाही. बस."

मी धपकन बसले. बाबांनी वाढलं. मीठ वर, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. मग ते आत गेले, छोट्या वाटीत चमचाभर दहीभात घेऊन आले आणि माझ्यासमोर बसले.

"अहो, तुमचं झालंय ना?"

"ते गोळीचं झालं," बाबा म्हणाले, "हे तुझ्याबरोबरचं."

माझे डोळे भरून आले आणि मी हात न धुताच पहिला घास घेतला. बाबांनी ते पाहिलं, आणि काहीच बोलले नाहीत.