रव्यांचा ताईत

ताईत घडवून घ्यायला आलेल्या प्रत्येकाला खाला आधी एकच सांगत, "यानं काई होत नाई बरं बाप्पा. दवाखान्यात दाखवलं का?" आणि मग तोच ताईत दोन-दोन दिवस मान मोडून घडवत. अनसिंगला सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणत. मी त्यांच्या समोरच्या घरात भाड्यानं राहायचे, शाळेत विज्ञान शिकवायचे. अशी बाई मला आवडायलाच हवी होती. आवडलीही, कळली मात्र नाही.

हे काम त्या वडिलांकडून शिकल्या होत्या. चांदीची तार कातरून ते कण कोळशाच्या भुकटीत तापवले, की त्यांचे मोहरीपेक्षा बारीक गोल रवे होत. ते डिंकानं एकेक करून ताईताच्या पेटीवर बसवायचे आणि दिव्याच्या ज्योतीवर फुंकणीनं फुंकून पक्के करायचे. फुंकर जराशी जास्त झाली, की सगळ्याचा गोळा. फुंकताना त्यांचे गाल फुगलेलेच राहत, श्वास मात्र नाकानं चालू असे. हे कसं होतं ते मी वर्गात फळ्यावर काढून दाखवलं असतं. स्वतः करायला गेले तर ठसका लागला. "तुहा दम पुस्तकातला हाये पोरी," खाला हसल्या.

"वाशिमला मशीनचे ताईत ढिगानं मिळतात, मग एवढे कष्ट कशाला?" मी एकदा विचारलं.

"लेकराच्या अंगाले लागते ना ते. टोचाले नाई पायजे."

उत्तर पटलं. पण ज्यानं काही होत नाही ते करायचंच कशाला, हे विचारायचं राहूनच गेलं.

माझी लेक ओवी दोन वर्षांची असताना तापात तिला आकडी आली. अकोल्याच्या डॉक्टरांनी औषध दिलं, घाबरू नका म्हणाले. दुसऱ्यांदा आली तेव्हा मेडशीहून सासूबाई आल्या आणि ताईतासाठी हटून बसल्या. मी मुद्दामच त्यांना खालांकडे नेलं. खाला नेहमीचं वाक्य बोलतील आणि विषय संपेल, असा माझा हिशेब.

खालांनी ओवीला मांडीवर घेतलं, दोऱ्यानं गळ्याचं माप घेतलं. रव्यांची डबी पुढं ओढली.

"खाला, सांगा ना यांना."

"काय सांगू?"

"सगळ्यांना सांगता ते."

"औषध चुकवू नोको," एवढंच म्हणाल्या आणि दिवा लावायला वळल्या.

त्यांना पोरीत काही दिसलं होतं, की माझ्याच चेहऱ्यावर? ताईत ओवीच्या गळ्यात गेला. औषध मी एकदाही चुकवलं नाही. आकडी पुन्हा आली नाही.

नंतर मी कितीदा तरी विचारलं, त्या दिवशी ते वाक्य का नाही बोललात? "मले आठवत नाई," त्या म्हणत. त्यांना आठवत होतं, एवढं मला नक्की कळे. गेल्या वर्षी खाला वारल्या. घरात दुसऱ्या कुणी ते काम शिकलं नव्हतं.

यंदा शाळेमागच्या सोयाबीनच्या शेतात खेळताना ओवीच्या ताईताचा दोरा तुटला आणि ताईत कुठंतरी पडला. तिनं येऊन सहज सांगितलं. शाळा सुटल्यावर मी गुडघ्यांवर बसून झाड अन् झाड चाळत होते. सोबतच्या शिक्षिकेनं विचारलं, तेव्हा कानातलं पडल्याचं खोटं सांगितलं.

"आई, नवीन घेऊ ना," ओवी म्हणाली.

मी पाला बाजूला करत राहिले. अंधारून आल्यावर उठले. ताईत सापडला नाही. सापडला असता तर पुन्हा तिच्या गळ्यात बांधला असता का, हे मला अजून सांगता येत नाही.