बुधवारी मी जे लिहिलं

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून कोणी ऐकलेली नाही. आईनं नाही, आंदोलनातल्या साथींनी नाही, आणि जिथं ती सुरू झाली त्या ग्रुपलाही ती अर्धीच माहीत आहे. तशी मी बोलायला लाजणारी नाही. आरमोरीच्या चौकात टेम्पोवर उभी राहून, माइक बंद पडल्यावरही बोललेली आहे. पत्रक लिहायला बसले की अर्ध्या तासात दोन्ही बाजू भरतात. मग हे चार कागद लिहायला मला तीन वर्षं का लागली?

सुरुवात एका टीव्ही मालिकेपासून करावी लागेल. हसायचं तर हसा. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मीही हसले असते.

मालिकेचं नाव 'नववा किनारा'. परदेशातली, हिंदीत डब केलेली. स्वतःचा ग्रह नासवून बसलेली माणसं एका प्रचंड जहाजातून शंभर वर्षं अंतराळात भटकतात आणि शेवटी सरोवरांच्या एका ग्रहावर उतरतात. तिथं आधीच माणसं राहत असतात. आणि सरोवराच्या तळाशी जहाजाला हवा तो धातू असतो. पुढं काय होणार हे आम्हाला पहिल्याच भागात कळलं. आमच्याकडे डोंगराखाली लोखंड आहे.

आमचा ग्रुप अकरा जणांचा. चिमूरकडचा एक वनरक्षक होता. ब्रह्मपुरीला नर्सिंग शिकणाऱ्या दोघी होत्या. सिरोंच्याला मोबाइल दुरुस्त करणारे व्यंकटभाऊ होते — ते तेलुगू डबिंग बघायचे आणि आमचं हिंदी किती भिकार आहे हे दर आठवड्याला सांगायचे. बाकीचे कमी बोलणारे. आणि जैनी.

जैनी आत, जंगलातल्या गावात राहायची. गावाचं नाव लिहीत नाही. घरात माडिया बोलणारी, मराठी शाळेत शिकलेली. गावातली बाई आजारी पडली की जैनी तिला दवाखान्यात घेऊन जायची — बाईचं डॉक्टरला मराठीत सांगायचं, डॉक्टरचं बाईला माडियात. साहेब लोक ग्रामसभेला आले की तिथंही तीच मध्ये उभी राहायची. हे काम तिला कोणी दिलं नव्हतं. दुसरं कोणी करणारं नव्हतं, म्हणून तिचं होतं.

मालिकेचा भाग शुक्रवारी यायचा. जैनीच्या गावात टॉवर नव्हता. बुधवारच्या बाजाराला ती मोठ्या गावात यायची, तिथं चिंचेखाली पोत्यावर बसून भाग उतरवून घ्यायची आणि तिथंच बघायची. म्हणून ग्रुपचा एकच नियम — शुक्रवार ते बुधवार कोणी ब्र काढायचा नाही. एकदा व्यंकटभाऊंनी सोमवारीच सांगून टाकलं की म्हातारा इंजिनिअर मरतो. शिक्षा म्हणून त्यांना आठवडाभर हिंदी डबिंगची स्तुती करावी लागली. बुधवारी दुपारी जैनीचा एक शब्द यायचा — "पाह्यलं." आणि मग धरण फुटावं तसा ग्रुप फुटायचा. दहा माणसं पाच दिवस तोंड दाबून बसतात, एकीसाठी. आमच्या आंदोलनातही इतकी शिस्त मी पाहिली नाही.

आता तो भाग. दुसऱ्या पर्वातला सहावा.

जहाजाचा कप्तान सरोवराच्या लोकांना विचारतो — किनारा सोडता की नाही? मागं बंदुका रोखलेल्या. लोकांतली म्हातारी स्पष्ट सांगते, आम्ही हलणार नाही. मध्ये उभी असते वेरा, दुभाषी. सरोवराकाठी जन्मलेली, जहाजावर वाढलेली. ती कप्तानाला सांगते — या लोकांना विचार करायला वेळ हवा आहे. बंदुका खाली येतात. भाग संपतो.

त्या बुधवारी ग्रुप पेटला.

"गद्दार हाय ते," वनरक्षकानं लिहिलं. "म्हातारी नाई म्हणते अन् हे म्हणते थांबा. उद्या कप्तानच म्हणीन, तुम्हीच तं वेळ मागतला होता."

"तेलुगूत तिथी तिचा आवाज कापते," व्यंकटभाऊ. "तुमच्या हिंदीत बातम्या सांगितल्यासारखी बोलते. तुमाले काय समजणार."

मीही लिहिलं. मी तेव्हा महिनोन्महिने गावोगाव फिरून एकच सांगत होते — खाणीला नाही म्हणा, कागदावर नाही म्हणा. मी लिहिलं की 'नाही' हे गरिबाचं एकच हत्यार असतं, ते जो मधल्यामध्ये बोथट करतो तो दुभाषी नसतो, दलाल असतो. वाक्य चांगलं जमलं होतं. मला ते जमल्याचं कळतही होतं.

मग जैनीचं आलं. तुकड्यातुकड्यांत, बाजारातल्या नेटवर्कनं.

"ताई, मी बी असंच करतो. डॉक्टर म्हणते, उशीर केला तं मरन हे. मी बाईले तसं नाई सांगत. तसं सांगतलं तं ते उठून घरी जाते. मी सांगतो, डॉक्टर रागावला हाय, पन बसून राहा म्हणते. बाई बसते. वाचते."

मी लिहिलं, मालिकेबद्दल बोल. तिनं लिहिलं —

"मालिकेचंच बोलून राह्यलो. नाई म्हणायले पहिले जीव पाहिजे ना, ताई."

त्यावर आठ अंगठे पडले. माझ्या वाक्यावर दोन.

तुम्हाला वाटेल, अंगठ्यांचं काय एवढं? काहीच नाही. पण मला टाळ्यांची सवय होती. आणि मला खोडून काढणारी कोण — जिच्या गावाला मी 'नाही' म्हणायला शिकवत होते, ती. हे मी तेव्हा मनातसुद्धा उच्चारलं नाही. पण होतं ते हेच.

इथं मला गाडीची गोष्ट सांगायला हवी. मघापासून टाळते आहे.

त्याच्या महिनाभर आधीची. पलीकडच्या गावातली एक बाळंतीण नातेवाइकांकडे आली होती. तिचं रक्त थांबेना. रुग्णवाहिकेला फोन लागेना. जैनी तिला खाटेवर घालून चार जणांसोबत डांबरी रस्त्यापर्यंत आली. रस्त्यावर एकच गाडी आली — खाणवाल्यांच्या सर्व्हेची. जैनी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. गाडी थांबवली, बाईला घातलं, स्वतः बसली, दवाखान्याच्या फाटकात उतरली. त्या गाडीत बसायचं नाही, त्यांच्याकडून पाण्याची बाटलीसुद्धा घ्यायची नाही, असा गावांचा ठराव होता. त्याचा मसुदा मीच केलेला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून जैनीनं मला फोन केला. ठरावाचं काय करायचं, असं काही ती विचारत नव्हती. म्हणाली, "तुले सांगून ठेवतो ताई. उद्या कोणी काही बोललं तं तुले मालूम असावं."

माझ्याकडे ठेवायला दिलं होतं तिनं ते. घरातली वस्तू शेजारणीकडे ठेवतात ना, तसं. मी म्हणाले, बरं केलंस, काळजी करू नको, मी आहे.

आणि त्या बुधवारी, आठ अंगठ्यांनंतर, मी लिहिलं —

"वेराची बाजू कोण घेणार? जी स्वतः खाणवाल्यांच्या गाडीतून उतरते तीच घेणार. विचारा जैनीला, कोणत्या गाडीतून उतरली."

बाळंतीण मी गाळली. रक्त गाळलं, खाट गाळली, रस्त्याच्या मधोमध उभी राहिलेली मुलगी गाळली. प्रत्येक शब्द खरा होता आणि सगळं मिळून धडधडीत खोटं होतं. हे तंत्र मला येतं. आमच्या विरोधातल्या पत्रकांत ते सापडलं की मी लाल पेनानं अधोरेखित करून कार्यकर्त्यांना शिकवते — बघा, कसं फसवतात.

जैनीनं ते तिथं चिंचेखाली बसून वाचलं असणार. तिची एकच ओळ आली. "ताई, तुले तं मालूम होतं." मग ती ग्रुपमधून गेली.

व्यंकटभाऊंनी लिहिलं, "हे बरं नाई केलं, ताई. सिरियलीचं भांडण सिरियलीत ठेवा लागते." मी उत्तर दिलं, प्रश्न तत्त्वाचा आहे.

इथपर्यंत ग्रुपला माहीत आहे. पुढचं नाही.

कोणी तरी त्या मजकुराचा फोटो काढून पुढं पाठवला. कोणी, ते मी शोधलं नाही. शोधून काय करणार होते — वाक्य तर माझंच होतं. आठ दिवसांत ते तिच्या गावात पोचलं, आणि माझ्या नावानिशी पोचलं. आंदोलनाच्या ताईनं लिहिलंय म्हटल्यावर ते मालिकेच्या भांडणातलं आहे की कशातलं, हे कोण बघतो?

ग्रामसभा बसली. मीही होते, खाणीबद्दलच्या सरकारी जनसुनावणीची तयारी त्याच सभेत व्हायची होती. जैनीनं उभं राहून सगळं सांगितलं — बाळंतीण, फोन, गाडी. ती बाई तोवर दूर माहेरी गेलेली. खाट उचलणाऱ्या चौघांनी मान हलवली. पण गाडी आपोआप आली की तिनं आधीच फोन करून बोलावली, हे त्यांना कसं ठाऊक असणार? मग गावचे पाटील — शांत, म्हातारा माणूस — माझ्याकडे वळले. "बाई, तुमीच लिहिलं. पोरगी म्हणते, तुमाले पयलेच सांगतलं होतं. सांगतलं होतं काय?"

एक 'हो' पुरला असता.

मी म्हणाले, "मला नक्की आठवत नाही."

का म्हणाले? हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला — मग लिहिलं काऊन? तेवढ्या क्षणात माझ्या डोक्यात काय काय आलं. लोकांचा आंदोलनावरचा विश्वास जाईल. सुनावणी तोंडावर आली आहे. ही वेळ नाही. छान छान कारणं, पत्रकात शोभतील अशी. खरं एवढंच होतं की मला खाली मान घालायची नव्हती.

जैनी माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. दवाखान्यात डॉक्टरचं बोलणं ऐकताना बघत असेल तसं — आता यातलं काय पुढं सांगायचं, असं. मग ती खाली बसली. त्या दिवशी ठरलं की सुनावणीला ती मध्ये उभी राहणार नाही.

सुनावणीला दुभाषी बाहेरून आणला गेला. तरुण, इस्त्रीचा शर्ट, घाईत. गावातली सर्वांत म्हातारी बाई बोलायला उठली. ती खूप वेळ बोलली. डोंगराच्या पायथ्याशी त्यांच्या मेलेल्यांच्या नावानं उभे केलेले दगड आहेत. एकेका दगडाकडे बोट केल्यासारखी हवेत बोटं करत ती नावं घेत होती. मला माडिया फार येत नाही. पण दगड कळतो, आजा कळतो, आणि माणूस नावं मोजतो आहे हे तर कोणालाही कळतं. ती थांबली. दुभाष्यानं मराठीत सांगितलं — "या म्हणतात, देवाची जागा तिथं आहे, तर दुसरी जागा द्यावी."

एवढंच. लिहिणाऱ्यानं लिहून घेतलं. कागदावर ते आजही तसंच आहे — ग्रामस्थांनी देवस्थानासाठी पर्यायी जागा मागितली. तिनं जे मागितलंच नव्हतं ते.

मी दहा पावलांवर उभी होते, हातात हरकतींची फाइल घेऊन. ओरडायला हवं होतं की हे खोटं आहे. त्याच कामासाठी तर मी तिथं होते. पण मी ओरडले असते तर साहेबांनी विचारलं असतं — मग खरं सांगणारं कोणी आहे का गावात? आणि एकच होती. ती बाहेर, मांडवाच्या दोरीला टेकून उभी होती.

मी गप्प बसले. दुसऱ्यांदा.

आणि मग घरी येऊन पत्रक लिहिलं. 'आजीचा आवाज कोणी गिळला?' दोन्ही बाजू भरून. सवालांवर सवाल. दुभाषी बाहेरचा का? वाक्यं का कापली? जबाबदार कोण? त्या पत्रकाचं फार कौतुक झालं. नागपूरहून फोन आले. गावात स्वतःची दुभाषी असताना ती तिथं का नव्हती, हा एक सवाल मी त्यात लिहिला नाही.

जैनी त्या उन्हाळ्यात गेली. नदीपलीकडे तेलंगणात तिची मावशी आहे म्हणतात. कोणी म्हणतं दवाखान्यात काम करते, कोणी म्हणतं कापसाच्या मिलमध्ये. तिच्या गावातल्या बायांसोबत आता दवाखान्यात कोणी जात नाही. गेल्या पावसाळ्यात मी त्या गावात होते तेव्हा एक तापानं फणफणलेली पोरगी ओसरीवर पडलेली पाहिली. तिची आई मला म्हणाली, "जाऊन काय करू? तिथी बोलन कोन?"

मालिकेचं तिसरं पर्व यंदा आलं. वेरा त्यात नाही. मेली असंही नाही, पळाली असंही नाही, नुसती नाही. वनरक्षक चिडला, नर्सिंगवाल्या चिडल्या. व्यंकटभाऊंनी लिहिलं, "एवढं मोठं जहाज, हजार माणसं, अन् एक जण विचारत नाई की दुभाषी कुठी गेली. असं लिहिते काय कोणी? तेलुगूत बी नाई विचारलं."

ग्रुप अजून बुधवारपर्यंत थांबतो. नियम कोणी रद्द केलाच नाही. शुक्रवारी भाग येतो, सगळे बघतात आणि पाच दिवस गप्प राहतात. बुधवारी दुपारी थोडा वेळ कोणीच काही लिहीत नाही, मग कोणी तरी सुरुवात करतं. मी वाचते.

माझ्या सगळ्या पत्रकांखाली 'समस्त ग्रामस्थ' अशी सही असते. या चार कागदांतलं काहीही ग्रामस्थांनी केलेलं नाही. जैनीनं मला आधी सांगितलं होतं. मला पूर्ण आठवत होतं. मी खोटं बोलले.