एकूण वेग

मी अमरावतीत इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. वलगावच्या पुढं आमचं गाव. तिथल्या सहा छपरांवर मी वायरलेस नेटचे डबे बसवले, तेव्हा माझा तोरा काय विचारता! कोणत्या डब्यानं किती पॉवर वापरायची, किती वेगानं डेटा पाठवायचा, हे माझा प्रोग्राम ठरवायचा. ज्वारीच्या चांगल्या कणसाचं बियाणं राखतात, तसा तो पॉवर-वेगाच्या शेकडो मांडण्यांतल्या चांगल्या राखायचा, त्यांची सरमिसळ करायचा, पुन्हा निवडायचा. चांगली कोणती, हे मात्र मी सांगितलेलं. जिच्यात गावाचा एकूण वेग जास्त, ती चांगली.

सहावा डबा गावाच्या टोकाला, आमच्या बौद्ध वस्तीत, मोठ्या बहिणीच्या छपरावर. भाचीला नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरायचा होता. अमरावतीला कॅफेत जाऊन भरते म्हणाली, तर मीच अडवलं. घरचं नेट असताना कॅफे कशाला? लोक हसतील मला!

मुदतीला तीन दिवस उरले आणि ताईचा फोन आला. "काहून रे, नेट चालून नाही राहिलं. चाकच फिरून राहिलं नुसतं."

कॉलेजात बसल्या बसल्या मी गावच्या नेटचा आलेख पाहिला. एकूण वेग एकदम झकास. "ताई, नेट बराबर हाय. तुहा फोनच भंगार हाय," म्हणालो. तीन दिवस हेच म्हणत राहिलो, कॅफेला तेव्हाही नाहीच म्हणालो. दीडशहाणा कुठला!

मुदत संपली, तेव्हा गावी गेलो. दूरच्या डब्याला जास्त पॉवर लागते आणि त्यानं बाकीच्यांच्या डेटात अडथळा येतो. म्हणून प्रोग्रामनं वस्तीची पॉवर पार उतरवून टाकली होती. पाच डबे पळत होते, एकूण वाढलं होतं. प्रत्येक घराला निदान इतकं तरी मिळालंच पाहिजे, ही अट लिहायची मीच विसरलो होतो. त्याच वस्तीत वाढलेला मी! दहा मिनिटांत अट घातली, नेट सुरू झालं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

भाचीला सगळं सांगितलं. माझ्यामुळं तुझं वर्ष गेलं म्हणालो आणि मान खाली घालून बसलो.

"म्हणजे फोन चांगलाच होता?" तिनं विचारलं. "मामा, मी तं तीन दिवस मायलेच बोलली. हलका फोन काहून आणला म्हणून लय बोलली."

ताई तिथंच होती, माझ्यासाठी चहा टाकत होती.