कढई वाजवणारे राठोड सर

राठोड सर पहिल्यांदा आमच्या कुरुंद्याच्या घरी आले तेव्हा मी त्यांना भंगारवाला समजलो. समजणारच. माणूस अंगणात आला, राम राम नाही, काही नाही, थेट पालथ्या लोखंडी कढईपाशी बसला आणि बोटानं ती वाजवून पाहू लागला. हळद शिजवायची कढई ती. बॉयलर आल्यापासून पडूनच होती.

"किती जुनी हाय?"

"इकायची न्हाई. चालू लाग फुडं."

आमची कारभारीण, कौसल्या, ओट्यावरून हसली. "अवं, भंगारवाला इस्त्रीचा सदरा घालून येतो व्हय?"

मग कळलं, हे वारंगा फाट्याकडच्या कॉलेजात इतिहास शिकवतात, आणि बारावीचा निकाल लागला की पोरं मागत गावोगाव हिंडतात. बी.ए.ला कुणी जात नाही, इतिहासाला तर नाहीच. ज्याला त्याला नर्सिंग, फार्मसी, नाहीतर पोलीसभरती. वर्ग भरला नाही तर विषय बंद आणि सर अतिरिक्त. दुसरे मास्तरही यायचे, नोकरीची आशा लावून जायचे. सर मात्र आधी विचारायचे, या घरात सगळ्यात जुनं काय हाय? प्रवेशाचं मागून.

मी तोंडावरच विचारलं, "इतिहास शिकून पोरगं काय करंल?"

"सांगता येत न्हाई, बाबा. खोटं काहून बोलू?"

असा मागायला आलेला माणूस मी पाहिला नव्हता.

त्यांनी कढईच्या बुडाला पडलेल्या पोच्यावर बोट ठेवलं तेव्हा कौसल्या बोलली. रझाकारांच्या धामधुमीत घर सोडताना माझ्या आईनं कढई रानात पुरली. परत आल्यावर जागा सापडेना. आई पहार घेऊन रानभर ठोकत फिरली, आणि एके ठिकाणी लोखंड वाजलं. तोच हा पोचा. माझ्या आईची गोष्ट, अन् मलाच माहीत नव्हती. सासूनं हळद शिजवताना सुनेला सांगितलेली.

त्यानंतर सर दर उन्हाळ्यात यायचे. आधी कढई वाजवायची, मग पाणी. तांड्यावर वाढलेला माणूस. म्हणायचे, "आमच्या आज्यानं बैलांवर माल लादून मुलूख पायाखाली घातला, बाबा. मी बी तेच करून राहिलो. माल तेवढा खपत न्हाई."

मग आमची नात बारावी झाली. लेक पुण्याला नोकरीला, पण पोरगी आमच्यापाशी वाढलेली. मी ठरवलंच होतं, हिला सरांकडं घालायची. घरून जाईल, घरी येईल. सरांना त्या साली थोडकीच नावं कमी पडत होती. ते आले, नातीशी बोलत बसले. ती त्यांना बॉयलरमधल्या वाफेचं समजावत राहिली. सरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडं वळले.

"बाबा, हिला माझ्याकडं नका घालू. हिचा जीव यंत्रात हाय. पुण्याला धाडा."

"अन् तुमचा वर्ग?" कौसल्या म्हणाली.

"वर्गासाठी लेकरू अडकवू व्हय, मावशी?"

पोरगी पुण्याला गेली. सरांचा विषय बंद झाला. आमचं घरही ओस पडलं.

मग कौसल्या गेली. भेटायला येणारा जो तो म्हणायचा, जेवा, धीर धरा. जसं काही मला पोटाचंच दुखणं होतं. सर आले, पाणी प्याले आणि म्हणाले, "मावशी लगीन होऊन आल्या तवा कशा होत्या, सांगा." दुसऱ्या कुणी हे विचारलं नाही. उन्हं कलली तरी मी बोलतच होतो.

उठताना म्हणाले, "मला लांबच्या कॉलेजात टाकलं, बाबा. आता उन्हाळ्यात येणं व्हायचं न्हाई." जाताना कढई वाजवली नाही. हात ठेवला फक्त.

यंदाही निकाल लागला. दुपारचा आत पडलो होतो, अंगणात कढई वाजली. तांब्या घेऊनच बाहेर आलो. "या सर."

भंगारवाला होता. खराखुरा.

"बाबा, देना है क्या?"

"न्हाई. पाणी पी."

पाणी पिताना त्यानं पोचा पाहिला. "ये कैसे हुआ?"

"बस," मी म्हणालो. "माझ्या आईनं पहार मारली हुती."

त्याला घाई होती. तांब्या ठेवून तो निघाला. त्याचा भंगाराचा गाडा वळणाआड गेला तरी मी थांबलो नाही. कढईपाशी बसून गोष्ट शेवटपर्यंत सांगितली, कौसल्या सांगायची तशी.