ओपलची उरलेली लगोरी

व्हर्लिन स्टकी मार्चमध्ये गेला, म्हणून आता सांगायला हरकत नाही.

या माझ्या शेजाऱ्याला वाटेचं वावडं होतं. पायवाट असलेला तो डोंगर नव्हे, जिना, असं त्याचं मत. नेवाडातल्या खाणीत तीस वर्षं यंत्रं दुरुस्त केली आणि झाडून सगळ्या सुट्ट्या वाळवंटातल्या बिनवाटेच्या, बिननावाच्या डोंगरांवर घालवल्या. उतरताना चुकू नये म्हणून कुणी दगडांची लगोरी रचलेली दिसली, की हा लाथ मारून पाडायचा. "पुढच्याला शोधू दे की!"

गंमत अशी, की रचणारी बहुधा त्याचीच बायको असे. ओपल पुढून रचत जायची, हा मागून पाडत यायचा. मी चारचौघांत म्हणायचो, या दोघांनी घर बांधायला घेतलं असतं तर पायाच्या वर आलं नसतं.

ओपल गेल्यावर तो सहा महिने अंगणातल्या खुर्चीतून हलला नाही. मग एका सकाळी कुंपणापाशी आला.

"सात हजार एकशेसहावर येतोस?"

त्या डोंगराला नाव नाही, नकाशावर फुटांत उंची तेवढी आहे. माथ्यावरच्या दगडांत कॉफीचा डबा, डब्यात वही. चढेल त्याने चार शब्द लिहायचे. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ओपलने त्यात काहीतरी लिहिलं आणि याला बघू दिलं नाही. "पुन्हा येशील तेव्हा वाच," म्हणाली. पण या चढणाऱ्या मंडळींची रीत अशी, की चढलेला डोंगर यादीतून खोडायचा आणि पुढचा धरायचा. तो पुन्हा गेलाच नाही.

"माझे गुडघे तुझ्यापेक्षा म्हातारे आहेत," मी म्हणालो.

"गुडघे येतील रे. पोट ठेव घरी."

चढताना मला धडकी भरली. त्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, घळीत पाय टाकला की खडी सरकायची आणि काटे पँटला धरायचे. याच्या भरवशावर उतरायचं? मी मागे राहून गुपचूप लगोऱ्या रचत गेलो. पाच रचल्या. त्याने पाहिलं असतं तर लगोरीबरोबर मलाही ढकललं असतं.

माथ्यावर डबा सापडला. झाकण गंजून भोक पडलेलं. आत वहीचा गोळा, वाळलेल्या चिखलासारखा. त्याने एक पापुद्रा सोडवून उन्हात धरला. फिरवून धरला. काही नव्हतं.

"लिहिलं असेल, शेजाऱ्याला जेवायला बोलाव," मी म्हणालो.

तो हसला नाही. पापुद्रा परत डब्यात ठेवून त्याने दगड होते तसे लावले. त्याला फार वेळ लागला.

उतरताना वरची लगोरी आडवी आली. सवयीने त्याचा पाय उचलला गेला आणि तसाच खाली टेकला.

"वर पांढरा दगड आहे."

"असेल."

"ओपल पांढराच ठेवायची." तो उकिडवा बसला. हात न लावता त्याने फुंकरीने धूळ उडवली. "माझ्या लाथेतून एक सुटली रे."

लगोरी माझीच होती, हाताला लागला तो दगड मी वर ठेवला होता. खरं सांगायला तोंड उघडलं.

मग आठवलं, खाली अजून चार आहेत. तशाच ताज्या. एकीवर तर माझ्या च्युइंगमचा कागद दाबलेला.

"मी पुढे होऊन वाट बघतो," म्हणालो, आणि धावत, घसरत, चारही लाथाडल्या.

मग काय, दोघेही चुकलोच. भलत्याच घळीत शिरलो आणि पन्नास फुटी कड्यावर येऊन थांबलो. परत वर चढणं आलं. ऊन उतरलं होतं, पाणी एकच बाटली. व्हर्लिन खडकावर बसला.

"वाट होती रे," तो म्हणाला. "तिने खालपर्यंत रचली होती. बाकीच्या मीच पाडल्या."

मी बाटली पुढे केली.

"पी आधी," म्हणालो.